‘बेंड’ आणि ‘आउट’ : एका बिघाडाच्या दोन नावांविषयी

बालाघाटच्या पठारावरून बीडकडे येताना मांजरसुंब्याचा घाट उतरावा लागतो. प्रस्तुत लेखकाची मोटार घेऊन सहा महिनेही झाले नव्हते, तोच या उतारावर ब्रेक दाबताच सुकाणूचक्र थरथरू लागले व पायाखालचा ब्रेकही धडधडू लागला. गॅरेजात निदान तत्काळ झाले : “डिस्क बेंड झाली.” पुढच्या चाकांच्या दोन्ही डिस्क बदलण्यात आल्या. सुमारे पाच हजार किलोमीटरनंतर तीच थरथर पुन्हा सुरू झाली. निदानही तेच, आणि उपायही तोच. तिसऱ्या खेपेस मात्र हे निदान ज्या शब्दात व्यक्त होत होते, त्या शब्दाचीच चिकित्सा करावी असे वाटले.

‘बेंड होणे’ हे मराठीतील ‘वाकणे’ या अकर्मक क्रियापदाचे गॅरेजातील रूप होय. अकर्मक क्रियापदाला कर्त्याची अडचण नसते. डिस्क वाकली, ती कोणी वा कशाने वाकवली, हा प्रश्न वाक्यातून उद्भवतच नाही. शिवाय हे नाव लोकांच्या अनुभवाशी जुळते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती लाल होईपर्यंत तापवतात व चढवल्यावर पाणी ओतून आवळतात, हे खेड्यातील माणसाने पाहिलेले असते. तापलेले लोखंड आकार बदलते, त्यावर पाणी पडले की आवळते. मग घाटात तापलेली डिस्क पाण्याने वाकली, यात अशक्य ते काय? तर्क चुकीचा नाही. तो येथे लागू पडत नाही एवढेच.

डिस्क तापते हे खरेच. बाराशे किलोग्रॅम वजनाची मोटार शंभर मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे बारा लाख जूल ऊर्जा मुक्त होते. साध्या नळाचे साडेतीन लिटर पाणी उकळीला आणण्यास ती पुरेशी आहे. चालक केवळ ब्रेकवरच उतरत असेल, तर तिचा बराचसा भाग डिस्क व पॅड यांनाच सोसावा लागतो. तथापि डिस्क ओतीव लोखंडाची असते, व रस्त्यावरील सामान्य वापरात ती कायमची वाकल्याचे क्वचितच आढळते. शर्यतीच्या मोटारींचे अमेरिकन अभियंते कॅरोल स्मिथ यांनी ‘वाकलेली डिस्क’ ही एक दंतकथा आहे असे प्रतिपादन केले होते. तशा म्हणून दाखविल्या गेलेल्या डिस्कांवर त्यांना पॅडच्या द्रव्याचा असमान थर आढळला होता.

मग थरथर येते कोठून? डिस्कच्या जाडीतील विषमतेतून. ही विषमता मिलीमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी असली तरी जाणवू शकते. डोळ्यांना ती दिसत नाही. जाड भाग पॅडांमधून जाताना ती मागे रेटली जातात, पातळ भाग येताच पुन्हा पुढे सरकतात. ब्रेकच्या तेलातील दाब त्या तालावर वरखाली होतो व तोच ताल पायाला आणि हाताला लागतो.

परंतु नवी डिस्क तर सर्वत्र सारख्याच जाडीची असते. येथे सायकलच्या दुकानातील एक शब्द उपयोगी पडतो : ‘आउट’. चाक फिरताना डावीउजवीकडे हेलकावते तेव्हा “चाकात आउट आहे” असे म्हणतात, आणि तारा कसून ती ‘आउट काढतात’. इंग्रजीतील एक अव्यय मराठीत येऊन नाम झाले, त्याला लिंग मिळाले, स्वतःचे क्रियापद मिळाले. असा संसार थाटलेला उसना शब्द अभ्यासकाला सहसा सापडत नाही! मोटारीची डिस्क ज्या हबवर बसते त्या हबच्या तोंडावर गंजाची खपली किंवा मातीचा कण राहिला, अथवा चाकाचे नट हवेच्या पान्ह्याने कमीअधिक आवळले गेले, तर सर्वथा निर्दोष डिस्कही किंचित तिरकी बसते. म्हणजेच तिच्यात आउट येते. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. परंतु ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला पुसटसा घासत राहतो आणि हळूहळू झिजतो. काही हजार किलोमीटरांनी जाडी विषम होते व थरथर सुरू होते. तोपर्यंत डिस्क बसविणाऱ्याचा व बिघाडाचा संबंध सर्वांच्याच विस्मरणात गेलेला असतो. हब न तपासता पुन्हा नवी डिस्क बसविली, की चक्र पुन्हा पहिल्यापासून.

याखेरीज आणखी एक कारण संभवते. घाट उतरून तापलेला ब्रेक थांबल्यावरही दाबून धरला, तर पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो. येथे दोष चालकाकडे येतो, हे मान्य केले पाहिजे.

दोन शब्दांतील भेद आता ध्यानात येईल. ‘बेंड’ हा कारण सांगितल्याचा आभास निर्माण करतो; ‘आउट’ केवळ निरीक्षण सांगतो. बेंड झालेली वस्तू बदलायची असते, आउट काढायची असते. आणि खर्चाचा प्रश्नही याच भेदावर अवलंबून राहतो. ब्रेकचे भाग झिजणारे म्हणून बहुधा हमीबाहेर ठेवलेले असतात; डिस्क ‘बेंड झाली’ म्हटले की चालकाने ती तापवली असे गृहीत धरले जाते व पैसे त्यानेच भरायचे असतात. ‘आउट आहे’ म्हटले, तर ती कोणी बसवली होती हे विचारावे लागते. प्रस्तुत लेखकाने दोनदा पैसे भरले, तेव्हा हा प्रश्न त्याला सुचला नव्हता. भाषाशास्त्राच्या अध्यापकास हे भूषणावह नव्हे.

तिसऱ्या वेळी अंबाजोगाई रस्त्यावरील एका वयस्क मिस्त्रींनी, ज्यांची उमेदवारी सायकलच्या दुकानात झाली होती, डिस्क सोडण्यापूर्वी तिच्या कडेला डायल गेज लावला. काटा मिलीमीटरच्या अकरा शतांशांइतका हलला. “हिची आउट बघा की सर, आन् हे बेंड बेंड म्हणत्यात,” असे म्हणून त्यांनी डिस्क उतरवली, हबचे तोंड तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ केले, झिजलेली डिस्क लेथवर सारखी करून घेतली आणि नट समोरासमोरचे क्रमाने, मोजून आवळले. काटा तीन शतांशांवर आला. तेव्हापासून गाडी चौदा हजार किलोमीटर चालली आहे, घाटासह.

जाडीच्या विषमतेला मात्र त्या मिस्त्रींजवळही नाव नव्हते. “कमीजास्त झालीय” एवढेच ते म्हणाले. केज, परळी व गेवराई येथील गॅरेजांतून यासाठी एखादा शब्द रूढ आहे काय, याची नोंद व्हावयास हवी. पदव्युत्तर वर्गातील ज्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी विषय हवा असेल, त्यांनी विभागात भेटावे.