पाण्याचा शिरस्ता

माघ सरत आला, की कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर पाणी ओसरून गोट्यांचा जो पट्टा उघडा पडतो, त्यावरून खाली मान घालून तासन्‌तास फिरणारा मनुष्य दिसला म्हणजे येणारेजाणारे लोक त्याचे काहीतरी हरवले आहे असे समजून स्वतःही शोधू लागतात, आणि "अंगठी होती का?" या प्रश्नाला "नाही, दगड शोधतो आहे" असे उत्तर मिळाल्यावर ते ज्या नजरेने पाहतात, ती नजर मी पुष्कळ वर्षे सोसली आहे.

आमच्या सातारा-सांगलीच्या मुलखाखाली काळ्या पाषाणाचे राज्य आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाचे थर येथे एकावर एक असे रचले गेले, की कोयनेच्या खोऱ्यात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल वेध घेतला, तेव्हा तळाचा ग्रॅनाइट लागायला सुमारे सव्वा किलोमीटर खाली जावे लागले. त्या रसात कोंडलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, पुढे झिरपत्या पाण्याने त्या सावकाश भरल्या, आणि खडक झिजला तसा हा भरणा सुटा होऊन नदीच्या ओटीत पडला. तो ओळखण्याची रीत साधी आहे. गोटा ओला करून उन्हाकडे धरावा. नुसता पाषाण असेल तर काळा तो काळाच राहतो, पण अकीक असेल तर त्याच्या कडेतून मधासारखा उजेड पाझरू लागतो. अकीक काचेवर ओरखडा काढतो. त्याच पोकळ्यांत सापडणारे झिओलाइटचे पांढरे स्फटिक मात्र चाकूच्या टोकालाही हार जातात.

जीवाश्माची आशा या खडकात धरू नये, कारण विस्तवाच्या लोंढ्यात शंखशिंपल्यांनी जगावे कसे? दोन लोंढ्यांच्या मधल्या उसंतीत जेथे तळी साचली, तेथील गाळात ते सापडतात. नागपूरकडच्या अशा गाळातून गोड्या पाण्यातल्या गोगलगायी प्रथम उजेडात आणणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी प्रमुख होते. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजाला ज्यांचे नाव आहे, तेच हे. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना पूर आलेल्या प्रवाहात ते बुडाले. जमिनीचे कोट्यवधी वर्षांचे दप्तर वाचणाऱ्या माणसाला एका संध्याकाळचे पाणी दगा देऊन गेले, ही गोष्ट मी या नादाला लागलेल्या प्रत्येक तरुणाला प्रथम सांगतो. कोयनेच्या धरणातून पाणी सोडण्याचा इशारा झाला, की हातातला अकीक कितीही झळकत असो, तडक काठ गाठावा.

घाटावरच्या माणसाला समुद्राचा शिरस्ता मात्र नवा असतो. कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर करीत आम्ही कुंभार्ली घाट उतरलो, तेव्हा कोयनेचेच पाणी त्या डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरात आणि तेथून वाशिष्ठीमार्गे दाभोळच्या खाडीकडे चालले आहे, या विचाराने उगाचच सोबत असल्यासारखे वाटले. मुक्काम गुहागर तालुक्यात हेदवीला होता.

तेथील यजमानांनी रात्री पंचांग काढले आणि लहानपणी पाठ केलेली पाऊणकी त्यांनी कामाला लावली. तिथीला पाऊणने गुणले, की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. उद्या फाल्गुन वद्य तृतीया; तीन पाऊणे सव्वादोन; म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती पुरी आणि सकाळी आठच्या सुमारास ओहोटी पुरी. अर्धा तास इकडेतिकडे धरावाच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने पाणी चढतेही फार आणि उतरतेही फार. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा उघडे पडते थोडे. दगड पाहणाऱ्याने उधाणाची ओहोटी साधावी, पाणी उतरत असता त्याच्या मागोमाग खाली जावे, आणि ते परतले की आपणही परतावे. पावसाळ्याचे चार महिने तर या कामाचे नावही काढू नये.

सहाला आम्ही उतरलो. उमामहेश्वराच्या देवळापाशी काळ्या खडकात बामणघळ नावाची अरुंद चीर आहे. भरतीला तीत घुसलेल्या लाटेचे पाणी उंच उसळते, ते पाहायला लोक कडेपर्यंत जातात आणि ओल्या शेवाळावर पाय ठरत नाही. त्या वेळी घळ मुकी होती. तिच्यापासून पुष्कळ दूर, उघड्या पडलेल्या खडकावर मी गुडघे टेकले, तो समोर वाटीएवढी पोकळी आणि तीत स्टिल्बाइट या झिओलाइटची जुडी : मध्ये आवळलेली, दोन्ही टोकांना फुललेली, अगदी आमच्याकडच्या कडब्याच्या पेंढीसारखी! डोळ्यांवर चष्मा चढवून हातोडी-छिन्नी घेतली, पण खडक एवढा कणखर आणि पेंढी एवढी नाजूक, की पहिल्या घावात ती चूर झाली असती. हातोडी खाली ठेवली आणि भिंगातून पाहत बसलो.

पलीकडे कालवे फोडणाऱ्या एक मावशी होत्या. त्या खडकावर वाकत, पण दर दोनतीन कालवांनंतर मान वर करून समुद्राकडे पाहत. त्यांनी हाक घातली, "दादा, दर्याकडं पाठ करून बसू नका. दगूड कुठं जात नाय, पानी येतंय." मी हो म्हटले, आणि शहाण्या माणसाला शोभेल असे पुन्हा भिंगाला डोळा लावला. आठ वाजून गेले होते. पाण्याने वळण घेतलेले मला कळले, ते मागच्या सखल कातळावर ठेवलेली माझी पिशवी सकाळच्या साऱ्या जमाखर्चासकट एका लाटेने उचलली तेव्हा. गुडघाभर पाण्यातून बाहेर येताना मावशींनी हात दिला. बोलल्या काहीच नाहीत, हे अधिक झोंबले.

उरलेला वेळ मी भरतीरेषेवरच काढला. जांभ्याच्या कड्यांखाली बसण्याचा मोह सावली असल्याने होतो, पण लाटांनी पोखरलेला जांभा सांगून कोसळत नाही. पुळणीवर वाळू आणि शिंपले चुन्याने सांधून झालेला दगडाचा एक सुटा तुकडा मिळाला, तेवढा घेतला. प्रवाळ दिसले तर हात लावू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला संरक्षण आहे. आणि पोत्याने वाळू-गोटे न्यायचे, तर तो गौण खनिजाचा मामला होऊन तहसील कचेरीचा परवाना लागतो. हौशी माणसाने मूठभर घ्यावे.

घरी परतल्यावर साताऱ्यात जेवणाच्या पाटाशेजारी तो तुकडा ठेवला आणि ताटातल्या लिंबाची फोड त्यावर पिळली. चुना असल्याने त्यावर बारीक फेस फसफसला, आणि त्यात एका शिंपलीच्या रेघा स्वच्छ उघड्या झाल्या. "एवढ्यासाठी पिशवी दर्यात घालवलीत?" असे सौभाग्यवतींनी विचारले, आणि वरणात पिळायला दुसरी फोड पुढे केली.