बेस पडला, पुढे काय?

आधीच सांगून टाकते. तो बेस माझ्या हातून पडला.

फेस्टचा शेवटचा दिवस, रात्रीचे साडेदहा, ऑडीची विंग अर्धी अंधारात. ड्रम किट गेलं, स्पीकर गेले, आता उरला होता फक्त भिंतीला टेकवून ठेवलेला डबल बेस. मी वाजवणाऱ्यांतली नाही, स्टेज टीमची. त्याच्या मागून गेलेली एक केबल गुंडाळायला म्हणून ओढली, तर ती नेमकी बेसच्या खालच्या लोखंडी पायात अडकलेली. तुम्ही कधी लाकडी कपाट पडताना ऐकलंय? तसा धप्प आवाज झाला आणि त्यावर चारही तारांचा एकत्र हुंकार. तो हुंकार बराच वेळ विरत राहिला.

विंगेत तेव्हा कोणीच नव्हतं. मी बेस उभा केला, कव्हर घातलं आणि सगळ्यांबरोबर चहा प्यायला गेले.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डबल बेस किंवा अपराइट बेस म्हणजे व्हायोलिनसारख्याच घडणीचं, पण त्या गोतावळ्यातलं सगळ्यात थोरलं वाद्य. उंची साधारण सहा फूट, वजन दहा किलोच्या आसपास. ऑर्केस्ट्रात तो गजानं वाजवतात, जॅझमध्ये बोटांनी छेडतात. जुन्या हिंदी गाण्यांत तुम्ही तो शेकडो वेळा ऐकलाय, फक्त आपण त्याला ऐकतोय हे लक्षात आलेलं नाही. आमच्या कॉलेजकडे असा एकच बेस आहे. कुणी दिला, कधी दिला, कुणालाच नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी एसवायच्या मुलानं, म्हणजे तो वाजवणाऱ्या एकमेव माणसानं, कव्हर काढलं. मान धडाला जिथे जोडलेली असते तिथे बोटाचं नख जाईल एवढी फट. पुढच्या पाटावर वीतभर लांब चीर. हलवला की आत काहीतरी खडखडत होतं. ‘टेम्पोवाल्यानं आपटला असणार,’ असं कुणीतरी म्हणालं. मी काहीच बोलले नाही. ‘असेल,’ एवढं तरी म्हणाले का, ते आठवत नाही. म्हणाले असेन.

मग सुरू झाला आपला राष्ट्रीय छंद, जुगाड. फर्निचर दुरुस्तीला येणाऱ्या सुतारानं फटीत पांढरा गम ओतला, वरून एक स्क्रू मारला, दोरीनं करकचून बांधलं. आत खडखडणारी काठी कुणीतरी पुढच्या भोकातून तार घालून बाहेर काढली. ‘तुटलेला तुकडा’ म्हणून ती कचऱ्यात गेली. तीन दिवसांनी दोरी सोडून तारा सुरात आणायला घेतल्या आणि तिसरी तार ताणत असतानाच ‘कर्रर्र’. मान परत उघडली, या वेळी स्क्रूच्या बाजूचं लाकूड सोबत घेऊन.

हे का झालं, ते मला नंतर कळलं. बेसच्या चार तारांचा मिळून ताण शंभर किलोच्याही वर जातो. एखादा जाडजूड माणूस मानेला चोवीस तास लोंबकळतोय असं समजा. टेबलाचा पाय चिकटवणं वेगळं, तिथे असा सततचा ओढा नसतो. पांढरा गम वाळल्यावरही किंचित लवचीक राहतो आणि सततच्या ओढ्याखाली सावकाश सरकत जातो. शिवाय तो लाकडाच्या छिद्रांत शिरून बसला की त्यावर दुसरा कुठलाही गम नीट धरत नाही. म्हणजे जोड तुटतो आणि पुढच्या माणसाची वाटही अडते.

आता न्यायचा कुठे? सतार किंवा तानपुरा असता तर प्रश्न नव्हता, सरळ मिरज गाठली असती. तिथे दीडशेहून जास्त वर्षं वाद्यं घडताहेत आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. बेससाठी आपल्याकडे असं गाव नाही. मुंबईत एके काळी त्याची गरज होती. हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत मोठमोठे ऑर्केस्ट्रा बसायचे आणि त्यात गोव्याचे वादक भरपूर असायचे. अनेकांचं शिक्षण गावच्या चर्चच्या शाळेत झालेलं, नोटेशन वाचता येणारं. मग सिंथेसायझर आले, ऑर्केस्ट्रा आटले, आणि वाद्यं दुरुस्त करणारे हातही कमी होत गेले. २००६ मध्ये एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, तिथे आजही बेस वाजतात. पण कॉलेजच्या मोडक्या बेसला तिथे कोण विचारणार?

दुकानदारानं एक नंबर दिला, त्या नंबरनं दुसरा, आणि चौथ्या फोनवर ‘आणा, बघतो’ ऐकू आलं. ग्रँट रोडजवळच्या एका चाळीत तळमजल्यावरची खोली. अंकल सत्तरीच्या पुढचे, मूळचे गोव्याचे, मराठी बोलताना मध्येच कोकणी हेल. भिंतीवर व्हायोलिनं टांगलेली, कोपऱ्यात पोट उघडलेला चेलो. त्यांनी स्क्रू पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

‘कोण हा शहाणा?’

मग त्यांनी बोटांच्या पेरांनी बेसच्या कडेकडेनं टकटक करायला सुरुवात केली. डॉक्टर पाठ ठोकतात ना, तसं. टक, टक, टक आणि मध्येच एक भदभद आवाज. ‘इथे सुटलंय.’ खडूची खूण. पुन्हा टक, टक. असे चार ठिकाणी सांधे सुटलेले निघाले, त्यातला एकही आम्हाला डोळ्यांनी दिसला नव्हता. मग पुढच्या भोकातून आत दिवा सोडला, खालचा लोखंडी पाय काढला आणि त्या भोकाला डोळा लावला.

‘काठी कुठाय?’

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कचऱ्यात, अंकल.

ते हसले नाहीत. ती काठी म्हणजे साउंडपोस्ट. अंगठ्याएवढी जाड, पुढच्या आणि मागच्या पाटाच्या मधोमध उभी, ब्रिजच्या एका पायाच्या जवळ. तिला गम लावत नाहीत, नुसत्या दाबावर ती उभी असते. तारांची थरथर पुढच्या पाटावरून मागच्या पाटाकडे जाते ती तिच्यामार्फत. ती मिलिमीटरभर सरकवली तरी वाद्याचा आवाज बदलतो. फ्रेंच आणि इटालियन भाषांत तिला चक्क ‘आत्मा’ म्हणतात. आम्ही आत्मा कोरड्या कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. कचऱ्याचं वर्गीकरण तेवढं बरोबर केलं होतं म्हणायचं.

आणि मग त्यांनी विचारलं, ‘पडला कसा? पुढे की पाठीवर?’

‘माहीत नाही अंकल,’ एसवायवाला म्हणाला. ‘टेम्पोत काहीतरी झालं. आम्ही पाहिलं नाही.’

‘ते कळल्याशिवाय मला कसं समजणार कुठे बघायचं? पुढे पडला तर ब्रिज आत दाबला जातो, पाठीवर पडला तर ती काठी मागच्या पाटात घुसते. व्हार्निशखाली चीर लपते. आज दिसत नाही, तारा चढवल्या की दिसते.’

माझ्या पोटात गोळा आला. गप्प राहिले असते तर? ते अंदाजानं काम करणार, पैसे जाणार, दोन महिन्यांनी बेस परत फुटणार, आणि तेव्हाही कुणाला कळणार नव्हतं. हेच तर वाईट होतं, की कुणालाच कळणार नव्हतं.

‘पाठीवर,’ मी म्हणाले. ‘आधी मान खांबाच्या कडेवर आपटली आणि मग तो पाठीवर पडला. माझ्याच हातून पडला.’

एसवायवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर बेसकडे वळवली. अंकलनी फक्त विचारलं, ‘मान कुठल्या बाजूनं आपटली? हातानं दाखव, बाय.’ मी दाखवलं. त्यांनी बेस कुशीवर वळवला, दिवा तिरपा धरला आणि मागच्या पाटावर, नेमकी जिथे ती काठी असायला हवी होती तिथे, एक केसाएवढी रेघ नखानं दाखवली. काठीजवळची चीर सगळ्यात वाईट, म्हणाले, कारण सगळा दाब तिथेच येतो. ती नुसती चिकटवून चालत नाही, आतून लाकडाचं ठिगळ बसवावं लागतं.

परतताना आम्ही एकाच लोकलमध्ये होतो. चर्नी रोड ते दादर तो एक शब्द बोलला नाही.

दुरुस्तीला सात आठवडे लागले. दर शनिवारी मी तिथे जायचे. प्रायश्चित्त वगैरे म्हणू नका, सुरुवातीला फक्त दिवा धरायला कुणीतरी हवं होतं म्हणून. त्यातले पहिले तीन शनिवार कशात गेले सांगू? पांढरा गम काढण्यात. कोमट पाणी, पटाशी, दात घासायचा ब्रश, आणि अंकलच्या कोकणी शिव्या. जोडण्यापेक्षा चुकीचं जोडलेलं सोडवायलाच जास्त वेळ गेला.

चौथ्या शनिवारी पुढचा पाट उघडला. मला वाटलं होतं करवत लागेल. अंकलनी बोथट पातळ सुरी सांध्यात सरकवली, मुठीनं हलकेच ठोकलं आणि टिक, टिक, टिक करत सांधा आपोआप सुटत गेला. लाकडाला ओरखडा नाही. एवढा ताण सोसणारं वाद्य इतक्या सहज उघडतं? मी विचारलं, तर त्यांनी शेगडीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं. आत मधासारखं काहीतरी, वास मात्र मधाचा नाही.

तो सरस. जनावरांच्या कातड्यापासून काढलेला. आपल्याकडेही जुने सुतार वापरायचे, तुमच्या आजोबांना विचारा. त्याचे दाणे आधी थंड पाण्यात भिजत घालायचे, मग पाण्यात ठेवलेल्या डब्यात साठेक अंशांवर विरघळवायचे. उकळला की कमजोर होतो. लावल्यावर काही क्षणांत थंड होऊन थिजतो, म्हणून सगळे क्लॅम्प आधी मांडून ठेवायचे, गंमत करायला वेळ नाही. वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, सरकत नाही. पण ऊब आणि ओल दिली की पुन्हा सुटतो. आणि पाटाच्या कडेला तर अंकल मुद्दाम पाणी घालून पातळ केलेला सरस लावतात.

‘मुद्दाम कमजोर?’ मी.

‘लाकूड पावसाळ्यात फुगतं, हिवाळ्यात आकसतं. कुठेतरी तर सुटणार. सांधा सुटला तर मी अर्ध्या तासात चिकटवतो. सांधा नाही सुटला तर पाट फाटतो. तुला काय पाहिजे?’

मी ते वहीत लिहून घेतलं. पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला कोट लिहून घ्यायला शिकवतात, पण हे मी स्वतःसाठी घेतलं.

उघडलेल्या बेसच्या आत, मागच्या पाटावर, पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं होतं. एक नाव, बहुतेक एक वर्ष. इतकं पुसट की वाचता आलं नाही. आधी कुणीतरी उघडलं होतं तर! अंकलनी त्या खालच्या जुन्या चिरेवरून बोट फिरवलं. तिच्यावर आडव्या रेषांच्या छोट्या चौकोनी पट्ट्या बसवलेल्या, कडा तासून पातळ केलेल्या. ‘चांगलं काम,’ एवढंच म्हणाले. आमच्या चिरेवर त्यांनी तशाच पट्ट्या लावल्या, तशाच अंतरावर.

त्या शनिवारी एसवायवाला पहिल्यांदा आला. दाराशी उभा राहिला, मग आत आला आणि माझ्या हातातला दिवा घेतला. ‘तू क्लॅम्प दे,’ म्हणाला. आमचं पुन्हा बोलणं सुरू झालं ते इतकंच. मागच्या पाटाचं ठिगळ त्याच दिवशी बसलं.

मानेचं काम किचकट होतं, त्यात स्क्रूनं पाडलेलं भोक बुजवून आतून लाकडी खुंटी बसवावी लागली. नवी काठी मात्र आमच्यासमोर उभी राहिली. स्प्रूसचा दांडा, दोन्ही टोकं पाटांच्या बाकाला बसतील अशी तिरकी कापायची, मग वाकड्या सळईच्या टोकावर खोचून पुढच्या भोकातून आत घालून उभी करायची. बाटलीत जहाज बांधण्यातला प्रकार. सोळा वेळा आत-बाहेर केली, मी मोजलं.

खर्च? माझ्या तीन महिन्यांच्या इंटर्नशिप स्टायपेंडएवढा झाला. अर्धा कॉलेजनं दिला, कारण मी जाऊन सरांना खरं सांगितलं आणि ते ओरडण्याआधी बिल पुढे केलं. उरलेला हप्त्यानं मी देतेय, अंकलना घाई नाही. फोन केला की पैशांचं विचारत नाहीत, ‘सांधे ठोकून बघितले का?’ एवढंच विचारतात.

बेस आता ऑडीच्या मागच्या खोलीत असतो. भिंतीला टेकवून नाही, कुशीवर, पाय आत ढकललेला, वाटेपासून लांब. सगळ्यात खालची तार अजून किंचित झणझणते. पावसाळा संपल्यावर घेऊन या, तेव्हा काठी थोडी सरकवू, असं अंकल म्हणालेत. कव्हरवर मी मार्करनं एक कागद चिकटवलाय, सेलोटेपनं, तो गम चालतो तिथे:

‘सगळ्या तारा एकदम सैल करू नका. आत खडखडलं तर टाकू नका. पाडलात तर सांगा, कुठल्या बाजूनं पडला तेही.’