बाळापूरची लढाई: वीस माणसं आणि एक मोबाईल

एसटीच्या गोंगाटात एपिसोड ऐकू येत नाही म्हणणाऱ्यांसाठी हा आजचा लिखित मजकूर.

आजचा प्रश्न: खिशात पैसे नसताना युद्धपट बनवता येतो का? येतो, पण बजेटचा विचार कथा निवडतानाच करावा लागतो. आधी दहा हजारांची फौज लिहायची आणि मग कॉम्प्युटरवर कॉपी-पेस्ट करायची, हे नाही जमत बाप्पा. जे फुकटात मिळतं तेच ज्या युद्धात महत्त्वाचं होतं, ते युद्ध शोधा.

आपल्या बाळापूरजवळच असं युद्ध झालं. ऑगस्ट १७२०. एका बाजूला निजाम-उल-मुल्क, दुसऱ्या बाजूला सय्यद बंधूंचा तरुण पुतण्या आलिम अली खान आणि त्याच्या मदतीला मराठे. दमाजी गायकवाडांना ‘समशेर बहाद्दर’ हा किताब मिळाला तो इथल्याच पराक्रमासाठी. आलिम अली लढताना मारला गेला, निजाम जिंकला आणि चार वर्षांत दख्खनचा मालक झाला. हैदराबादच्या निजामशाहीची वाट आपल्या शेतांतून गेली आहे. मुंबईचा कोणी निर्माता येऊन हे दाखवेल म्हणून वाट बघायची, की आपणच करायचं?

आता तारीख परत बघा. ऑगस्ट! वऱ्हाडातली काळी माती पावसात काय करते, हे तुम्हाला सांगायला नको. पाऊस, चिखल, धान्याची टंचाई आणि मराठ्यांचे छापे यांनी निजामाची फौज हैराण झाली होती. मग हत्ती कशाला दाखवायचा? धान्याची एक गाडी चिखलात रुतली आहे, पाच उपाशी शिपाई तिची राखण करताहेत आणि अंधारात छापा पडणार आहे. एवढ्यात सिनेमा होतो. चिखल फुकट आहे.

घोडे टाळा. सिनेमात प्राणी वापरायचे तर पशु कल्याण मंडळाची परवानगी लागते. टापा फक्त ऐकवा, नारळाच्या करवंट्या वाजवून. बाळापूरचा किल्लाही टाळा. तो एलिचपूरच्या नवाबाने १७५७ मध्ये पूर्ण केला, म्हणजे लढाईनंतर सदतीस वर्षांनी. खरी बारूद तर हातातच घेऊ नका. धूर आणि आवाज पुरतो.

हे काही नवीन नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२३ मध्ये ‘सिंहगड’ काढला. रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, त्या काळी ही मोठी गोष्ट होती. तिकडे इंग्लंडमध्ये १९५६ साली केविन ब्राउनलो (वय १८) आणि अँड्र्यू मोलो (वय १६) या दोन पोरांनी ‘इट हॅपन्ड हिअर’ सुरू केला. शनिवार-रविवारी शूटिंग, काम करणारे बहुतेक हौशी. पूर्ण व्हायला आठ वर्षं लागली. पैसे नव्हते, पण चिकाटी होती.

थोडं तांत्रिक बोलू. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइटखाली शूट करताना मोबाईल २५ फ्रेम आणि १/५० शटरवर लॉक करा, नाहीतर चित्र फडफडतं. फोकस आणि एक्सपोजरही लॉक करा. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील, तर माईकवर करा. चित्र थोडं अंधारं चालतं, संवाद कळला नाही तर प्रेक्षक लगेच पुढे सरकतो.

आणखी एक गंमत. तुमचा प्रेक्षक सिनेमा मोबाईलवरच बघणार. मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून तोफेचा घुमणारा ‘धडाम’ येतच नाही, खालचे सूर गळून जातात. म्हणून तोफ भांड्यांतून ऐकवा: पातेलं थरथरतं, झाडावरचे कावळे उडतात, माणूस दचकतो. मिक्सिंग हेडफोनवर करा, पण शेवटची तपासणी साध्या फोनवर.

आता दाखवायचं कुठे? युट्यूबवर टाकायला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. थिएटरात जाहीर खेळ लावायचा असेल तर लागतं, त्याचा वेळ आणि फी आधीच धरा. गाणं दुसऱ्याचं उचलू नका. युट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि व्हिडिओ अडकतो. मराठीसोबत हिंदी आणि उर्दू सबटायटल द्या. बाळापुरात उर्दू वाचणारी कितीतरी घरं आहेत आणि ही लढाई त्यांचीही आहे. दोन्ही बाजूंच्या सेनापतींची नावं बघा: ही सत्तेची लढाई होती, धर्माची नव्हती. थंबनेलवर भडक ओळ टाकून व्ह्यूज मिळतील, पण गावात वाद पेटला तर तो डिलीट बटणाने विझत नाही.

म्हणून पहिला खेळ ज्यांनी काम केलं त्यांच्या घरच्यांसाठी करा. कुठे हसले, कुठे फोन काढला, लिहून घ्या. तेवढं दुरुस्त करा, मगच लिंक पाठवा.

तुमच्या गावाजवळ अशी कुठली लढाई झाली होती? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!