घाटात सायकल एवढी जड का होते?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी लिहून देतोय.

शिरूरच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. तो म्हणतो, "दादा, सपाटीवर मी रोज ३० किलोमीटर मारतो. ग्रुपची पोरं दिवेघाटाला निघालीत. माझी सायकल साधी, बिनगिअरची. जाऊ का, की आधी गिअरची घेऊ?" प्रश्न पैशांचा आहे आणि जिवाचाही. म्हणून आधी घाट म्हणजे काय ते नीट समजून घेऊ.

शिरूर, दौंड म्हणजे सपाट मुलूख. इथं सायकलवाल्याला आडवा येतो तो वारा. घाटात आडवं येतं स्वतःचं वजन. चढ मोजतात टक्क्यांत. १०० मीटर रस्ता कापल्यावर तुम्ही ५ मीटर वर गेलात, तर तो ५ टक्के चढ. दिवेघाट साधारण ४ किलोमीटरचा आणि उंची वाढते सुमारे २०० मीटर. म्हणजे सरासरी ५ टक्के. ऐकायला किती किरकोळ वाटतं ना?

आता हिशोब बघा. तुम्ही आणि सायकल मिळून ७५ किलो धरू. सपाट रस्त्यावर ताशी १२ किलोमीटरने जायला साधारण २५ वॉट ताकद पुरते. त्याच वेगाने दिवेघाट चढायला लागतात जवळपास १५० वॉट. सहापट! आणि तीही सलग वीस मिनिटं. सपाटीवर पायडल थांबवलं तरी सायकल थोडी पुढं जाते. घाटात थांबवलं की काही सेकंदांत ती उभीच राहते.

वारकऱ्यांना हे गणित कोणी शिकवायला नको. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून जाते. वरवंड, पाटस झालं की बारामतीकडं जाताना रोटी घाट लागतो. तिथं रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. माउलींच्या रथालाही दिवेघाटात तसंच करतात. रथ तोच, वजन तेच. फक्त रस्ता वर निघाला, म्हणून बैल वाढवावे लागतात.

आपल्याला बैल वाढवता येत नाहीत. मग गिअर काय करतो? तो ताकद देत नाही, हे आधी लक्षात घ्या. १५० वॉट तुमचे तुम्हालाच काढायचेत. गिअर त्याचे छोटे छोटे हप्ते पाडून देतो. साध्या सायकलला पुढं ४४ दाते आणि मागं १८ असतील, तर एका फेऱ्यात ती पाच मीटरच्या वर जाते. ताशी १२ च्या वेगाला मिनिटाला ३८ च्या आसपास फेरे पडतात, आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर मोठा भार. पुढं ३४ आणि मागं ३२ दाते असतील, तर त्याच वेगाला ९० च्या आसपास फेरे होतात, पण दर फेऱ्याचा जोर निम्म्याहून कमी. दम तेवढाच लागतो, गुडघे मात्र वाचतात.

बरेच जण विचारतात, मग लडाखचा खारदुंग ला किती अवघड? गंमत म्हणजे लेहवरून त्याचा सरासरी चढही ५ टक्क्यांच्या जवळच आहे. फरक असा, की तो चढ ४ नाही, सुमारे ४० किलोमीटर चालतो. शिवाय खिंड ५३०० मीटरच्या वर असल्याने तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. छाती भरून श्वास घेतला तरी ऑक्सिजन कमीच मिळतो. आपल्या घाटात ती अडचण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उतार. चढताना कमावलेली सगळी ऊर्जा उतरताना परत मिळते, आणि तिचा बराचसा भाग ब्रेकला गिळावा लागतो. त्यामुळं रबर आणि रिम तापतात. ब्रेक सतत दाबून धरू नका. दोन्ही ब्रेक वापरा, दाबा, सोडा, परत दाबा. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. दिवेघाट हा वाहता महामार्ग आहे. मागून ट्रक, एसटी येणारच. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा हवाच.

तर मित्रा, तुला माझं उत्तर असं. नवी सायकल लगेच घेऊ नकोस. आधी जुनीचे ब्रेक रबर बदल, केबल ताणून घे. मग एखाद्या रविवारी पहाटे न्हावरे, चौफुलामार्गे पाटस गाठ आणि रोटी घाट चढून बघ. लांब पडत असेल तर सायकल टेम्पोत टाक. चढताना बसून चढ, पहिल्या मिनिटाला जोर संपवू नकोस. गुडघा दुखायला लागला तर खाली उतर आणि ढकलत ने. आख्खी वारी घाट पायीच चढते, त्यात लाज कसली? आणि घाट आवडलाच, दर महिन्याला जावंसं वाटलं, तर गिअरच्या सायकलसाठी पैसे साठव. तेव्हा ब्रँड नंतर विचार, मागच्या मोठ्या चक्राला दाते किती ते आधी विचार.

तुमच्या गावाजवळचा चढ कोणता, तो व्हॉइस मेसेज करून सांगा. भेटू पुढच्या भागात!