शिफारशीचं गणित

आपल्या संकेतस्थळाकडे कोण बोट दाखवतं, हे आपल्या पानावर कुठेच लिहिलेलं नसतं. आपल्या पानावर दिसतात ते फक्त बाहेर जाणारे दुवे. आत येणारे, म्हणजे बॅकलिंक, हवे असतील तर बाकीचं सगळं वेब वाचून काढावं लागतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९६च्या सुमारास हाच खटाटोप सुरू केला. प्रकल्पाचं नावही ठेवलं ‘बॅकरब’. पुढे त्याचंच गूगल झालं.

त्या काळची सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द बघत. तेव्हा काही चतुर मंडळींनी पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहून ठेवायला सुरुवात केली. माणसाला काही दिसत नसे, यंत्र मात्र फसे. पेज आणि ब्रिन यांनी विचार केला, पान स्वतःबद्दल काय म्हणतं ते राहू दे, इतर पानं त्याच्याबद्दल काय म्हणतात ते पाहू.

पण सगळ्यांच्या म्हणण्याला सारखं वजन कसं द्यायचं? स्थळाची चौकशी करताना जो उठसूट प्रत्येकाचं कौतुक करतो, त्याच्या शब्दावर कुणी मुलगी देत नाही. पेज आणि ब्रिन यांच्या ‘पेजरँक’ या पद्धतीचं गणितही असंच चालतं. पानाचं वजन त्यावरच्या दुव्यांत वाटलं जातं. वजन १०० असेल आणि दुवे चार असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ येतात. दुवे हजार असतील, तर अवघा ०.१.

इथे एक पेच आहे. माझं वजन तुमच्यावर ठरणार, तुमचं आणखी कुणावर, आणि त्याचं कदाचित माझ्यावरच! मग सुरुवात कुठून करायची? उत्तर थक्क करणारं आहे: कुठूनही. सगळ्या पानांना सारखंच वजन द्या, वाटप करा, आलेल्या आकड्यांनी पुन्हा वाटप करा. हळूहळू आकडे हलायचे थांबतात. पेज, ब्रिन, राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्राड यांनी ३२ कोटी २० लाख दुव्यांवर हे करून पाहिलं, तेव्हा साधारण ५२ फेऱ्यांत आकडे स्थिरावले.

एक चोरवाट मात्र उरते. दोन पानांनी फक्त एकमेकांनाच दुवे दिले, तर आत आलेलं वजन तिथेच अडकून साठत जाईल. म्हणून एक काल्पनिक वाचक मानला गेला. तो साधारण ८५ टक्के वेळा दुव्यावरून पुढे जातो आणि १५ टक्के वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. या उडीमुळे साठलेलं वजन वाहतं राहतं.

दुव्याच्या शब्दांनाही अर्थ असतो. २००३मध्ये ‘मिझरेबल फेल्युअर’, म्हणजे ‘दारुण अपयश’, असं गूगलवर शोधलं की राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांचं अधिकृत चरित्र वर येई. त्या पानावर हे शब्द नव्हते. लोकांनी ठरवून दिलेल्या दुव्यांत होते. गूगलनं २००७मध्ये यावर उपाय केला.

गंमत संपून धंदा सुरू झाला तो विकतच्या दुव्यांनी. फेब्रुवारी २०११मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं जे. सी. पेनी या दुकान-साखळीचं प्रकरण उजेडात आणलं. काडीचाही संबंध नसलेल्या संकेतस्थळांवरचे हजारो दुवे तिच्याकडे वळवलेले होते. आपला यात हात नाही, असं कंपनीनं सांगितलं. गूगलनं कारवाई केल्यावर प्रवासी बॅगांच्या एका शोधात पहिली असलेली ही साखळी दोन तासांत ७१वी झाली. गूगलनं २०१२मध्ये क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ बदलानंतर अशी संकेतस्थळं मोठ्या प्रमाणावर खाली ढकलली गेली. २०१६पासून मात्र, सहसा शिक्षा न करता, खोट्या दुव्याचं वजनच शून्य धरलं जातं.

आता दुव्यांना खुणाही आहेत. २००५मध्ये ‘नोफॉलो’ आली: दुवा आहे, पण शिफारस समजू नका. इंग्रजी विकिपीडियाच्या बाहेर जाणाऱ्या दुव्यांवर २००७पासून हीच खूण असते. २०१९मध्ये जाहिरातीच्या आणि वाचकांनी टाकलेल्या दुव्यांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ आणि ‘यूजीसी’ या वेगळ्या खुणा आल्या. शिवाय या खुणा गूगल आता हुकूम न मानता इशारा मानतं.

क्रमवारी ठरवताना आज दुव्यांखेरीज इतर बऱ्याच गोष्टी पाहिल्या जातात. तरी दुवा मनापासून दिलेला असावा, ही त्याच्या मुळाशी असलेली अट बदललेली नाही. मूळ गणित चाललं, कारण लोक वाचकाच्या सोयीसाठी दुवे देत होते आणि कुणीतरी ते मोजतंय याची त्यांना कल्पना नव्हती. मोजणी सुरू झाल्याचं कळलं आणि दुव्यांचा बाजार भरला. तेव्हापासून सर्च इंजिनाला दुवे मोजण्यापेक्षा ते देणाऱ्याचा हेतू ओळखणंच अवघड जात आलं आहे.