वीणेची खरखर आणि घोडीवरची कानस

(वाद्यांची निगा : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात खुंट्यांविषयी लिहिलं. ते वाचून भाईंदर पश्चिमेकडच्या राई गावातल्या एका भजनी मंडळाच्या बुवांनी विचारलं, "सप्ताहाची वीणा पावसाळ्यापासून खरखरतेय. घोडी घासून घेऊ का?" तंबोरा, सतार किंवा वीणा बाळगणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो, म्हणून आजचा लेख त्यालाच दिला आहे. उत्तर आधीच सांगतो: घोडीला कानस लावायची ती सगळ्यात शेवटी, आणि पुष्कळदा ती लावावीच लागत नाही.

गिटारवाल्याचं काम या बाबतीत सोपं असतं. त्याच्या वाद्यात झणझण ऐकू आली की तो दोषच, मग तो शोधायचा आणि काढायचा. आपल्या तंबोऱ्याला आणि वारकऱ्यांच्या वीणेला मात्र झणकार हवाच असतो. तीच जवारी. या वाद्यांत तार घोडीच्या धारेवर टेकत नाही. घोडीचा माथा रुंद आणि किंचित बाकदार असतो, आणि छेडलेली तार त्या बाकावर लागत-सुटत राहते. त्यातून वरचे उपस्वर जागे होतात आणि आवाज उमलतो, लांबतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली नेमक्या याच गोष्टीवर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर उमटू नये, असा जुना नियम होता. तंबोऱ्यात आणि दक्षिणेकडच्या वीणेत तो उपस्वर खणखणीत ऐकू येतो, हे रामन यांनी दाखवलं आणि त्याचं कारण घोडीच्या घडणीत सापडलं.

तेव्हा आपल्याला नको असलेला आवाज शोधायचा आहे तो हव्या असलेल्या आवाजाच्या आत. घाई होते ती इथेच. काहीतरी खरखरतंय म्हटल्यावर सगळ्यांची नजर घोडीवर जाते, कुणीतरी पॉलिश पेपर आणतं, आणि मुळात निरोगी असलेली जवारी कायमची बिघडते. घोडीवरून गेलेला कण परत येत नाही.

दोन्ही आवाजांतला फरक कानाला कळतो, फक्त शांतपणे ऐकायला हवं. जवारी छेडल्यानंतर क्षणभराने फुलते आणि बारीक होत होत स्वराच्या शेवटापर्यंत जाते. ढिल्या वस्तूची खरखर छेडल्याक्षणी ठळक असते आणि तारेचा जोर जरा उतरला की एकदम तुटते. हळू छेडलं तर बऱ्याचदा ती येतच नाही.

पहिली गोष्ट म्हणजे वाद्य उचला आणि दुसऱ्या जागी जाऊन वाजवा. देवळातला पत्रा, तसबिरीची काच, शेजारी ठेवलेले टाळ, माइकचा स्टँड, यांतलं काहीही तुमच्या षड्जाला साथ देत असू शकतं. अंगणातही खरखर आली तरच पुढे जायचं. मग एकेक तार वाजवा. बाकीच्या तारांवर रुमाल टाकून त्या मुक्या करा, नाहीतर दोष एकीचा आणि आवाज दुसरीचा असा घोळ होतो.

आता खरी कसोटी. तार आणि घोडी यांच्यामध्ये असलेला जवारीचा सुती दोरा काढून बाजूला ठेवा. तार जिथे घोडी सोडून खुंट्यांच्या दिशेने निघते, तिथे घोडीच्या काठावर तारेखाली आगकाडीचा बारीक तुकडा सरकवा. तार घोडीच्या बाकापासून उचलली जाते आणि जवारी मरते. स्वर कोरडा, साधा येतो. आता छेडा. खरखर गेली, तर दोष घोडी आणि तार यांच्यामध्ये आहे. खरखर तशीच राहिली, तर घोडी निर्दोष आहे आणि काहीतरी दुसरीकडे हलतंय. एवढ्या एका तपासणीने निम्म्या घोड्या वाचतील, असं माझं ठाम मत आहे.

राईच्या वीणेत खरखर तशीच राहिली. मग पट्टी बदलून पाहिली. ढिल्या भागाला स्वतःचा एक ठरलेला सूर असतो. त्या सुराजवळ तार आली की तो थरथरतो. वीणा अर्ध्या स्वराने उतरवली तेव्हा आवाज जवळजवळ नाहीसा झाला, पुन्हा चढवली तेव्हा परत आला. म्हणजे लाकडात किंवा भोपळ्यात कुठेतरी फट होती, किंवा काही सुटलं होतं. एकाने तार छेडत राहायचं आणि दुसऱ्याने संशयाच्या प्रत्येक जागी अंगठा दाबायचा: तबलीची कड, दांडीवरच्या नक्षीच्या पट्ट्या, खुंट्यांची मुळं, तारेचं पीळ घातलेलं टोक, सूर बारीक मिळवायचे मणी. मण्यांवर विशेष लक्ष ठेवा. मणी तबलीला जेमतेम टेकला की माशी गुणगुणावी तसा आवाज येतो आणि तो जवारीत अगदी बेमालूम मिसळतो.

वारकऱ्यांच्या वीणेत आणखी एक जागा असते, आणि बैठकीच्या तंबोऱ्यात ती नसते. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीवर टेकवायची नाही. पहारा बदलला की ती एका वीणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. म्हणून तिला पट्टा असतो आणि पट्ट्याला कडी. कडी दांडीला लागत असली तर खरखर येणारच. राईत आधी तिच्यावरच संशय होता. कडीला कापडाची चिंधी गुंडाळली, तरी आवाज थांबला नाही. शेवटी भोपळा आणि दांडी जिथे जोडतात त्या गळ्यावर दोन्ही अंगठे दाबले आणि खरखर तत्क्षणी बंद झाली. नीट पाहिल्यावर सांध्यावर केसासारखी रेघ दिसली. सरस सुटला होता.

यात नवल नाही. भाईंदर स्टेशनहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं ओळीने येतात. भोवती खाडी, खारफुटी आणि मिठागरं. या हवेत चार महिने लाकूड पाणी पितं. ते फुगतं ते रेषांच्या आडव्या दिशेने जास्त आणि लांबीच्या दिशेने नगण्य. भोपळा फुगतो त्याहून वेगळ्या प्रमाणात. सांधा दोन्हीकडून ओढला जातो आणि जुन्या पद्धतीचा सरस दमटपणात मऊ पडतो. त्यात गळ्यातून गळ्यात जाताना बसणारे धक्के. अशा सांध्यात झटपट चिकटणारा डिंक ओतू नका. तो फटीच्या तोंडाशीच घट्ट होतो, आत पोचत नाही, आणि पुढे कारागिराला सांधा स्वच्छ उघडता येत नाही. तारा सैल करून वाद्य कारागिराकडे न्या.

याच हवेतला दुसरा शत्रू म्हणजे गंज. पोलादी तारेवर घोडीजवळ तांबूस ठिपके दिसले तर तार बदला, पुसत बसू नका. गंजलेली तार स्वतः खरखरते, आणि वाईट म्हणजे कानशीसारखी घोडी कापत जाते. खाडीकाठच्या गावांत वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसायची सवय लावावी, आणि पावसाळा संपला की तारा बदलाव्यात. तारा एकेक करूनच बदला. घोडी पुष्कळदा नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते. सगळ्या तारा एकदम सोडल्या की ती सरकते. आधी तिच्या पायांभोवती पेन्सिलीने खूण करून ठेवा. त्याच वेळी पातळ कागद पायाखाली सरकतो का तेही पाहा. सरकला तर पाय तबलीला पुरता टेकलेला नाही, आणि तेही खरखरीचं एक कारण असतं.

आगकाडीच्या कसोटीत आवाज गेला, म्हणजे दोष घोडीचाच निघाला, तरी आधी दोऱ्याकडे वळा. तारेखालचा सुती दोरा केसाएवढा पुढे-मागे करा. निरोगी घोडीवर कुठेतरी आवाज उघडतो. तो कुठेच उघडत नसेल आणि नुसता चणचणत असेल, तर उजेडात तिरपं धरून घोडीचा माथा पाहा. तारेने पाडलेली चर स्पष्ट दिसेल. अशी चर पडली असेल तरच घोडी घासायची वेळ आली असं समजा.

आणि ती घासायची तर मिरजेच्या हाताने. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तिथे तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि आजही त्यांचे वंशज तेच काम करतात. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी तुणीच्या लाकडाची. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि स्वतः वाद्यं दुरुस्त करण्यात वाकबगार होते. गवई आणि कारागीर एकमेकांच्या कानांवर असे घडत गेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आनंद आहेच, पण जवारी काढणारे हात कमी होत चाललेत याची काळजी मला जास्त वाटते. जवारी काढणं म्हणजे घोडी गुळगुळीत करणं नाही. कारागीर थोडं घासतो, तार चढवतो, ऐकतो, उतरवतो, पुन्हा घासतो. प्रत्येक तारेखालचा बाक वेगळा असतो, कारण प्रत्येक तारेची जाडी आणि ताण वेगळा. पांढरी चार या पट्टीसाठी काढलेली जवारी काळी एकला तशीच बोलत नाही.

म्हणून वाद्य दुरुस्तीला द्याल तेव्हा नुसतं "खरखरतंय" म्हणू नका. तुमची पट्टी सांगा, कोणती तार खरखरते ते सांगा, आगकाडी घातल्यावर काय झालं ते सांगा, आणि सवयीच्या तारा चढवूनच वाद्य द्या. सप्ताह जवळ आला म्हणून घाई करू नका. सरसाला सुकायला वेळ द्यावा लागतो. राईच्या बुवांनाही मी हेच कळवलं आहे: सांधा बांधून घ्या, तारा नव्या घाला, घोडीला हात लावू नका.