नस दबली तर मणके ‘मोडून’ घ्यावेत का?

मानेत निघालेली कळ खांद्यावरून थेट अंगठ्यापर्यंत जाते किंवा कमरेतील वेदना मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीत आणि पावलात उतरते. जोडीला मुंग्या येतात, बधिरपणा जाणवतो. अशा वेळी डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीच घरातले किंवा कार्यालयातले कोणीतरी निदान करून मोकळे होते, ‘नस दबली आहे!’ पाठोपाठ उपायही सुचवला जातो. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची पद्धत आपल्याकडे गावोगावी होती. केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान मोडून घेणारे आजही आहेत. आता या यादीत कायरोप्रॅक्टिक या अमेरिकी उपचारपद्धतीची भर पडली आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तिची केंद्रे निघाली आहेत आणि ‘कट्’ असा आवाज होताच रुग्णाच्या चेहऱ्यावर सुटकेचे हसू उमटल्याच्या चित्रफिती मोबाइलवरून घरोघरी पोहोचल्या आहेत. पण त्या आवाजाने दबलेली नस खरोखर मोकळी होते का? हा उपचार कोणी घ्यावा आणि कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये?

नस दबते म्हणजे काय?

बोलण्यात आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. येथे प्रश्न मज्जातंतूचा आहे. मज्जारज्जूपासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात आणि मणक्यांमधील अरुंद वाटांतून बाहेर पडून हातापायांकडे व धडाकडे जातात. दोन मणक्यांच्या मध्ये चकती, म्हणजेच गादी असते. तिचे बाहेरचे कडे चिवट आणि आतला भाग लिबलिबीत असतो. कडे झिजून किंवा फाटून आतला भाग बाहेर आला, तर तो मज्जातंतूच्या मुळाशी टेकतो. वाढत्या वयात मणक्यांच्या कडांवर वाढलेल्या हाडामुळेही ही वाट अरुंद होते.

चकती फुटल्याने सायटिकाची वेदना होते, हे अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. मात्र ही वेदना केवळ दाबाची नसते, हे त्यानंतर लक्षात आले. चकतीतून बाहेर आलेल्या द्रव्यामुळे मज्जातंतूच्या मुळाशी दाह निर्माण होतो. हा दाह ओसरला की दाब पूर्णपणे गेलेला नसतानाही रुग्णाला बरे वाटू शकते.

कोणती नस दबली आहे, याचा अंदाज लक्षणांवरून येतो. मानेतील सहाव्या नसेचा त्रास अंगठ्याकडे, सातवीचा मधल्या बोटाकडे, तर आठवीचा करंगळीकडे जातो. कमरेतील पाचवी नस दुखावली तर पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते. तिच्या खालची नस दुखावली तर चवड्यावर उभे राहणे कठीण जाते. हातात मुंग्या येण्याचे मूळ दर वेळी मानेतच असते असेही नाही. मनगटातील बोगद्यासारख्या जागेत नस दबली तरी बोटे बधिर होतात आणि रात्री झोपमोड होते. अशा रुग्णाची मान कितीही वेळा फिरवली तरी मनगटातील नस मोकळी होणार नाही.

कायरोप्रॅक्टिकचा उगम

कायरोप्रॅक्टिक हा शब्द हात आणि कृती या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून बनला आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट या गावी १८९५ मध्ये डॅनियल डेव्हिड पामर यांनी या पद्धतीचा पाया घातला. चुंबकीय उपचार करणाऱ्या पामर यांनी हार्वे लिलार्ड या कमी ऐकू येणाऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याची श्रवणशक्ती सुधारली, अशी या पद्धतीची उगमकथा सांगितली जाते. मणके किंचित जागचे हलल्याने मज्जातंतूंच्या कामात अडथळा येतो आणि बहुतेक सर्व रोग त्यातूनच उद्भवतात, असा पामर यांचा सिद्धांत होता. १८९७ मध्ये त्यांनी या विद्येची पहिली शाळा काढली. परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल १९०६ मध्ये त्यांना तुरुंगवासही घडला.

पुढे अमेरिकेतील एकेका राज्याने या व्यवसायाला कायद्याने मान्यता दिली. लुइझियाना हे शेवटचे राज्य १९७४ मध्ये त्यात सामील झाले. आधुनिक वैद्यकाशी असलेले वैर मात्र संपले नव्हते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व्यवसायाविरुद्ध बेकायदा संगनमत केल्याचा निकाल तेथील न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. आज अमेरिका, कॅनडा, ब्रिटन अशा अनेक देशांत कायरोप्रॅक्टर हे नोंदणीकृत व्यावसायिक आहेत.

पामर यांचा मूळ सिद्धांत मात्र विज्ञानाच्या कसोटीवर टिकलेला नाही. मणक्यांचे असे ‘सरकणे’ हे रोगाचे कारण असल्याच्या दाव्याला संशोधनाचा आधार नाही, असे ब्रिटनच्या कायरोप्रॅक्टिक परिषदेनेच २०१० मध्ये स्पष्ट केले. ‘तुमचा मणका जागचा हलला आहे, तो बसवून देतो’ असे कोणी सांगितले, तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

‘कट्’ आवाज कशाचा?

या उपचारात मणक्यांच्या सांध्याला हाताने एक झटपट, मोजका झटका दिला जातो. सांध्यातील दोन पृष्ठभाग क्षणभर दूर होतात, आतील वंगणद्रवावरचा दाब घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. बोटे मोडताना येणारा आवाजही याच जातीचा असतो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एमआरआय यंत्रात बोटाचा सांधा ओढून ही पोकळी तयार होताना टिपली. तेव्हा हा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो आणि नस सुटल्याचाही नसतो.

झटक्यानंतर हलके वाटते, हे मात्र खोटे नाही. स्नायूंचा ताठरपणा काही काळ सैलावतो, वेदनेची जाणीव मंदावते आणि हालचाल सुलभ होते. हा आराम अल्पकाळ टिकतो की दीर्घकाळ, हा खरा प्रश्न आहे.

पुरावे काय सांगतात?

साध्या कंबरदुखीत या उपचाराचा मध्यम स्वरूपाचा उपयोग होतो, असे अनेक अभ्यासांतून दिसते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत त्याचा समावेश केला. जुनाट कंबरदुखीसाठी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही काही अटींसह तो सुचवला. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र हा उपचार एकटा देऊ नये, व्यायामाच्या जोडीनेच द्यावा, असे म्हटले आहे.

नस दबून पायात उतरणाऱ्या वेदनेबाबत पुरावा तुलनेने कमी आहे. इटलीत १०२ रुग्णांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या उपचाराच्या गटातील ५५ टक्के रुग्णांची पायात जाणारी वेदना थांबली. लुटुपुटीचा उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण २० टक्के होते. अमेरिकेत १९२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत घरच्या व्यायामाला या उपचाराची जोड दिल्याने १२ आठवड्यांपर्यंत वेदना अधिक घटली, पण वर्षअखेरीस वेदनेतील तो फरक फारसा उरला नाही. मानेतील नस दबल्यास झटक्याचा उपयोग होतो, असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा हाती नाही.

येथे काळाचे श्रेयही विसरून चालणार नाही. चकतीमुळे उद्भवलेला सायटिका बहुतांश रुग्णांत सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बराच कमी होतो. बाहेर आलेला चकतीचा तुकडा शरीर हळूहळू शोषून घेते आणि मोठे तुकडे अनेकदा अधिक आक्रसतात. या काळात जो कोणी उपचार करत असेल, त्याच्या पदरी यश पडते. दोन-तीन महिन्यांच्या आगाऊ शुल्काचे ‘पॅकेज’ घेण्यापूर्वी याचा विचार करावा.

एमआरआयच्या अहवालाबाबतही तारतम्य हवे. कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींच्या एमआरआयचा अभ्यास अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ५२ टक्के लोकांची किमान एक चकती फुगलेली आढळली. म्हणजेच अहवालात फुगवटा दिसला की दुखण्याचे कारण सापडलेच, असे नाही. लक्षणे, तपासणी आणि अहवाल या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

धोका कोठे आहे?

उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे ही नेहमीची बाब आहे. गंभीर दुष्परिणाम विरळ आहेत, पण ते झाले तर फार महागात पडतात. मान झटक्याने फिरवताना मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ च्या निवेदनात हा संबंध नोंदवला आणि रुग्णांना त्याची पूर्वकल्पना द्यावी, असे सुचवले. अर्थात, रोहिणीला आधीच चीर पडल्यामुळे मान दुखत असलेले काही रुग्णच उपचारासाठी गेले असावेत, अशीही शक्यता असते. कॅनडातील २००८ च्या एका अभ्यासात अशा पक्षाघाताचा संबंध कायरोप्रॅक्टरकडे जाण्याशी जसा दिसला, तसाच साध्या डॉक्टरांकडे जाण्याशीही दिसला. तरीही अचानक उद्भवलेली, पूर्वी कधी न जाणवलेली तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, दुहेरी दिसणे किंवा बोलताना अडखळणे अशी लक्षणे असताना मान कोणाच्याही हाती देऊ नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका निदान लांबण्याचा आहे. येथे रुग्णाची एक सार्वत्रिक समजूत घात करते. वेदना कमी झाली म्हणजे आजार कमी झाला, असे आपण धरून चालतो. दबलेल्या नसेच्या बाबतीत दर वेळी तसे नसते. वेदना ओसरत असतानाच बधिरपणा पसरत असेल किंवा ताकद घटत असेल, तर नस मोकळी होत नसून निकामी होत असण्याचा संभव असतो. चालताना पाऊल घसटणे, चप्पल पायातून निसटूनही न कळणे, सदऱ्याची बटणे लावताना बोटे न वळणे या खुणांकडे ‘दुखत तर नाही’ म्हणून दुर्लक्ष होते. वेदना काही आठवडे थांबू शकते. वाढती कमजोरी थांबू शकत नाही. चकती फुटून मज्जातंतूंची कमजोरी वाढत चालली असेल तर मणक्याला झटका देऊ नये, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ मधील मार्गदर्शक सूचनांतही नमूद आहे.

लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, लघवी अडणे, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे ही तर आणीबाणीची लक्षणे होत. त्यांत दिवस नव्हे, तास मोलाचे असतात आणि शस्त्रक्रियेला उशीर झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. अस्थिभंग, हाडांचा ठिसूळपणा, कर्करोगाचा पूर्वेतिहास, ताप किंवा अकारण घटलेले वजन असल्यास तपासणीपूर्वी मणक्याला झटका देऊ देणे धोक्याचे आहे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनीही आपल्या डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

रुग्णाने काय करावे?

प्रथम अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. ताकद, संवेदना आणि प्रतिक्षिप्त क्रिया यांची तपासणी काही मिनिटांत होते आणि पुष्कळदा तेवढ्यावरच दिशा ठरते. धोक्याची लक्षणे नसतील तर अंथरुणाला खिळून न राहता झेपेल तितके चालत राहावे. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम नेमाने करावेत.

त्यानंतरही कायरोप्रॅक्टिक उपचार घ्यावासा वाटला, तर काही प्रश्न अवश्य विचारावेत. भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा वा परिषद नाही, त्यामुळे पारखून घेण्याची जबाबदारी रुग्णावरच येते. उपचार करणाऱ्याने पदवी कोठून घेतली? झटका देण्यापूर्वी तो ताकद आणि संवेदना तपासतो का? धोक्यांची कल्पना देऊन संमती घेतो का? किती भेटींत फरक न पडल्यास थांबायचे, हे सांगतो का? मधुमेह, दमा, रक्तदाब असे आजारही मणके दाबून बरे करण्याचे आश्वासन देणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा.

कुशल हातांनी कंबर काही काळ हलकी होऊ शकते, यात शंका नाही. पण हात लावण्यापूर्वी नस कोठे दबली आहे आणि ती किती दुखावली आहे, हे कळलेले असावे. म्हणून दररोज सकाळी टाचांवर आणि चवड्यांवर चार पावले चालून पाहावे, बोटांची पकड तपासावी. कालपेक्षा आज ताकद कमी वाटली, तर ‘कट्’ आवाजाच्या मागे न लागता त्याच दिवशी डॉक्टरांची भेट घ्यावी.